सोळा पुतळ्या, पाच काळे मणी

घर पाडायचं ठरलं दिवाळीत, आणि वाटणीला आम्ही सहाजण जमलो ते शिमग्याच्या सुट्टीत. विट्यापासून दोन कोसांवर, खानापूर तालुक्याच्या कोरड्या अंगाला आमचं माळवदाचं घर. चार पावसाळे त्यात कुणी राहिलं नव्हतं. वर पांढरी माती घालायला माणूस नाही, तुळयांना वाळवी लागलेली. जागेची मोजणी, उतारे, सह्या हे सगळं तासाभरात उरकलं. एका शब्दाची कुरबुर झाली नाही. कुरबुर झाली ती सोप्यात मांडलेल्या भांड्यांवरून.

दादानं, म्हणजे थोरल्या नानांच्या मुलानं, मोड घेणाऱ्याला आधीच सांगावा धाडला होता. तो टेम्पो दारात लावूनच आत आला. पहिला हंडा उचलला, उलटा केला, बोटानं वाजवून पाहिला आणि काट्यावर ठेवला. हंड्याच्या गळ्याखाली टिंबाटिंबांची अक्षरं होती. मी वाकून वाचायला लागले तसा तो म्हणाला, "ताई, नावाचं काय वजन येत न्हाय." तो काही वाईट बोलावं म्हणून बोलला नव्हता, धंद्यातलं खरं तेच त्यानं सांगितलं. पण दादानं तो हंडा काट्यावरून उतरवला आणि भिंतीला नेऊन ठेवला. मग आम्ही एकेक भांडं उजेडात धरून वाचत बसलो. दुपारपर्यंत टेम्पोत गेलं ते फक्त बिननावाचं.

भांड्यावर नाव घालायची रीत आमच्या पिढीनं शेवटची बघितली. लग्नसराईत विट्याच्या बाजारात, नाहीतर जत्रेत, नाव घालणारा पोतं अंथरून बसायचा. हातात एवढीशी छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी. अक्षरागणिक पैसे. म्हणून आहेर करणारा माणूस कागदावर मजकूर लिहून आणायचा आणि तिथंच उभ्याउभ्या त्यातली अक्षरं खोडायचा. 'सप्रेम भेट'मधलं 'सप्रेम' अशानं किती भांड्यांवरून गेलं असेल! आक्काच्या, म्हणजे आमच्या आजीच्या एका कळशीवर नुसतं 'मामांकडून' एवढंच आहे. कुणाच्या मामांकडून, कुणाला, केव्हा, काही नाही. मामा गरीब असणार. पण तीच कळशी आक्का कुणाला उसनी द्यायची नाही. लग्नकार्याला सगळ्या गावात आमचं घंगाळ फिरायचं, परात फिरायची, कळशी घरात.

त्या दुपारी आमच्या लक्षात आलं की भांड्यांवर घराचा पत्तासुद्धा बदलत गेलाय. आक्काच्या लग्नातल्या हंड्यावर 'ता. खानापूर, जि. सातारा'. आत्तीच्या बारशाच्या तांब्यावर 'जि. द. सातारा'. नानांच्या लग्नातल्या परातीवर 'जि. सांगली'. 1949 साली सातारा जिल्हा तोडून दक्षिण सातारा केला, 1960 साली त्याचंच नाव सांगली झालं. घर एक वीतभर हललं नाही आणि तीन जिल्ह्यांत राहून आलं. आण्णा, म्हणजे आमचे आजोबा, शेवटपर्यंत आपला जिल्हा साताराच सांगायचे. कोर्टाच्या कामाला सांगलीला जाऊन आले तरी "परगावला गेलतो" म्हणायचे.

नावं वाचता वाचता वाघनखांचा विषय निघाला. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा आमच्यातले तिघं जाऊन रांगेत उभे होते. तीन वर्षांसाठी उसनी आलेली. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती तिकडं गेली. अफजलखानाच्या वेळची हीच का, हे ते संग्रहालयही छातीठोकपणे सांगत नाही. त्यांच्याजवळ आधार आहे तो मुख्यतः पेटीवर कोरलेल्या मजकुराचा. "म्हंजे शेवटी नाव घातलं म्हणूनच कळलं," दादा म्हणाला. मोडवाला हे सगळं ऐकत बिडी ओढत बसला होता. त्याला तेवढं सांगून झालं आणि मला उगाच बरं वाटलं.

कल्हईचं एक सांगायला हवं, कारण ही भांडी आज वापरात का नाहीत याचं खरं उत्तर तिथं आहे. पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवायचं तर आतून कथलाचा थर हवा. कल्हईवाला वर्षातून दोनदा यायचा, वडाखाली खड्डा खणून भाता लावायचा. भांडं लालसर तापलं की नवसागराची चिमूट, कथलाची कांडी आणि कापसाचा बोळा. पांढरा धूर नाकात जायचा आणि काळं भांडं डोळ्यांदेखत रुप्याचं व्हायचं. आम्ही पोरं शाळा बुडवून ते बघायचो. स्टील आलं, कल्हईवाल्याचं येणं थांबलं. मग भांडी माळ्यावर गेली. जिव्हाळा कमी झाला म्हणून गेली असं नाही. कल्हई होईना म्हणून गेली.

आता माळेचं.

आक्काच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. एकवीस पुतळ्या, तांबड्या रेशमात पटवेकऱ्याकडून गाठवलेल्या. पुतळी हा आपल्याकडचा जुना डाग. ती मुळात व्हेनिसच्या नाण्यावरून आली. समुद्रमार्गे आलेल्या त्या सोन्याच्या नाण्यांवर उभ्या माणसांचे छाप होते, आपल्या बायकांना ते पुतळीसारखे दिसले आणि त्यांनी ते गळ्यात घातले. आक्काला व्हेनिस ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिच्या लेखी त्या पुतळ्यांवर राम-सीता होते, आणि खरं सांगायचं तर इतक्या झिजल्या होत्या की कुणीही असते.

आम्हाला आठवते ती माळ एकवीस पुतळ्यांची नाही. आमच्या लहानपणी सतरा होत्या, आणि चार जागी काळे मणी. पुढं सोळा झाल्या, पाचवा मणी आला. एखादी पुतळी मोडावी लागली की बाई उरलेल्या जवळ ओढून माळ पुन्हा गाठवून घेते, म्हणजे गेलेली दिसत नाही. आक्का तसं करायची नाही. गेलेल्या पुतळीच्या जागी ती मंगळसूत्रातल्यासारखा एक काळा मणी ओवायची. पटवेकरी म्हणायचा, आक्का, हे बरं दिसत न्हाय. ती म्हणायची, "बरं दिसाय न्हाय घातला. जागा ऱ्हाऊ दे."

पाचही मणी आम्हा सगळ्यांना पाठ. पहिला मणी इंजिनाचा. विहिरीला पाणी लागलं पण मोट ओढून माणसं आणि बैल दोन्ही थकले, तेव्हा किर्लोस्करांचं ऑइल इंजिन आणलं. त्या घरातला नांगरही किर्लोस्करवाडीचा, कडबा कापायचं यंत्रही वाडीचंच. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या त्या ओसाड माळावर कारखाना मांडला आणि पुढं आमच्या सगळ्या पंचक्रोशीतल्या बायकांच्या गळ्यातलं सोनं थोडं थोडं लोखंडात गेलं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या लोखंडानं आम्हाला खायला घातलं.

दुसरा मणी लढाईचा. 1962 साली चीननं हल्ला केला, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. देवराष्ट्र्याचा माणूस, म्हणजे आमच्या शेजारच्याच शिवारातला. गावोगाव संरक्षण निधीला सोनं गोळा होत होतं. आण्णांनी हातातली अंगठी दिली, आणि आक्कानं विळतीनं रेशीम कापून एक पुतळी. ती कुणी मागितली नव्हती. त्यानंतर दोन महिन्यांतच सरकारनं चौदा कॅरटचा नियम आणला, नवे दागिने त्याहून चोख करायचे नाहीत म्हणून. सोनारांची चूल विझली. आक्का त्यावर एवढंच म्हणायची, "दिलं ते बरं केलं. पण मग जुनं मोडायचं न्हाई हे तवाच ठरवलं." तिच्या ठरवण्यानं दहा वर्षं दम काढला.

तिसरा मणी 1972 चा. त्या दुष्काळाचं आमच्यातल्या मोठ्यांना थोडं थोडं आठवतं: खडी फोडायला गेलेल्या आया, सुकडीचा वास, मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी, जिची भाकरी थापताना चिरायची. घरचे दोन बैल होते. चारा संपला. खाटकाला द्यायचे की पुतळी मोडायची, असा सरळ हिशेब होता. पुतळीचा कडबा झाला. एक बैल तरीही गेला.

चौथा मणी बापूंचा, आणि तिथं थोडं थांबायला हवं.

विटा, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडं खटाव-माण, या सगळ्या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. शेती पाण्यावाचून, म्हणून पोरगं मिसरूड फुटायच्या आत कुणातरी गाववाल्याबरोबर केरळात, तामिळनाडूत, बंगालमध्ये जायचं. धंदा काय, तर सोनं-चांदी गाळायची. जुने मोडके दागिने, सोनाराच्या दुकानातली धूळ, भट्टीची राख, हे सगळं आटवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं. आमचे धाकटे चुलते बापू सोळाव्या वर्षी तामिळनाडूत गेले. दुकानाच्या माळ्यावर झोपायचं, खाली भट्टी. पुढं स्वतःचं दुकान टाकायची वेळ आली तेव्हा पागडीला पैसे कमी पडले आणि चौथी पुतळी गेली.

बापू दसऱ्याला यायचे. विट्यात दसऱ्याला पालख्यांची शर्यत होते, तिला देशभरातून गलाईवाले येतात. ते आले की आम्ही त्यांच्याभोवती बसून सोनं कसं गाळतात ते ऐकायचो. सोन्यात आधी चांदी मिसळायची, हे ऐकूनच आम्ही हसायचो. मग ते तेजाबात टाकायचं. पिवळा-तांबूस धूर उठतो, तो छातीत गेला की माणूस खोकत बसतो. चांदी, तांबं तेजाबात विरतं आणि तळाला उरते ती तपकिरी भुकटी. "चोख सोनं पयल्यांदा चिखलागत दिसतं," बापू सांगायचे. मग ती भुकटी धुवायची, सवागी घालून मुशीत आटवायची, तेव्हा कुठं पिवळा रंग चढतो. तेजाबानं बापूंची बोटं हरिपूरच्या पेवातल्या हळदीत बुडवून काढल्यागत पिवळी असायची. जेवताना आम्ही त्यांच्या ताटाकडं नाही, बोटांकडं बघायचो.

कुठल्या कुठल्या बायकांचे डाग त्यांच्या मुशीत जात, याची त्यांना गणती नव्हती. ताली, म्हणजे तिकडची मंगळसूत्रं, तीसुद्धा यायची. बापू म्हणायचे, दागिना घेऊन आलेली बाई मूस पेटेपर्यंत बोलत नाही, आणि सोनं पाघळलं की एकदम मोकळी बोलायला लागते.

असा हा मुलगा. हयात लोकांचे डाग मोडण्यात गेलेली. आणि आक्का त्याला माळेला हात लावू द्यायची नाही. घरात सगळ्यांना लावू द्यायची, आम्ही पोरी ती गळ्यात घालून आरशासमोर उभ्या राहायचो. बापूंनी एकदा म्हटलं, आक्का, रेशीम कुजलंय, दे, धुऊन नीट गाठवून आणतो. तिनं माळ पदराखाली घेतली. "तू लांबनं बघ." सगळं घर हसलं, बापूही हसले. सोनं गाळणाऱ्या लेकावर आईचा भरवसा नाही, ही आमच्या घरातली पिढीजात थट्टा होऊन बसली. पाव्हणे आले की कुणीतरी ती सांगायचंच.

पाचवा मणी संपाचा. नाना मुंबईला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमच्या तालुक्यातल्या घराघरात एकेक माणूस वळकटी घेऊन परत आला. नाना आले ते चार दिवसांसाठी म्हणून. त्यांच्या ट्रंकेत गिरणीचा पास, खानावळीची वही आणि लग्नातलं एचएमटीचं घड्याळ होतं. पास त्यांनी मरेपर्यंत टाकला नाही. गिरणीच्या जागी काय उभं राहिलं हे दादानं त्यांना मोबाइलवर दाखवलं, तर त्यांनी बघून मान वळवली आणि पास पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. वाटणीत तो पास कुणाला हवा, असं विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. दादानं तो आधीच शर्टाच्या खिशात ठेवला होता.

माझे वडील, तात्या, रयतच्या शाळेत शिकले आणि तिथंच मास्तर झाले. ते आम्हाला लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगायचे. कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली ती साताऱ्याला आणली, बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं ठेवली. त्या पोरांच्या पोटाला कमी पडायला लागलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना पोरं वहिनी म्हणायची, अंगावरचं सोनं एकेक करून दिलं आणि शेवटी मंगळसूत्रही. 1930 साली त्या गेल्या. ही गोष्ट तात्यांच्या शाळेत प्रत्येक कार्यक्रमात व्हायची. एकदा घरी सोप्यात सांगत होते, आक्का निवडणं निवडत ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "मग सोडवून आणलं का पुन्हा?" तात्या गप्प. भाषणात तो प्रश्न कधी आला नव्हता.

आत्तीचं उलथनं या सगळ्यात बसत नाही, पण ते सोडून पुढं जाता येत नाही. आत्ती पाटणच्या खोऱ्यात दिलेली. यजमान कोयनेच्या कामावर. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. पहिल्या पाळीची भाकरी करायला ती उठलेली होती म्हणून वाचली. घर हललं, भिंत सुटली. एका काखेत पोर आणि दुसऱ्या हातात उलथनं घेऊन ती अंगणात आली. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आत्तीच्या चुलत सासरचीही. तिच्या घरातलं सगळं दगडमातीखाली. उजाडल्यावर हातात बघते तर उलथनं. पुढं नवं घर झालं, नवी भांडी आली. ते उलथनं तिनं पुन्हा तव्याला लावलं नाही आणि फेकलंही नाही. फळीच्या कडेला खोचलेलं असायचं. आम्ही सुट्टीला गेलो की कुणीतरी चुकून हात घालायचं आणि ती ओरडायची, "त्येला नगं!" मग तिचं तिलाच हसू यायचं. आत्ती गेल्यावर तिची मुलगी ते माहेरच्या घरी आणून ठेवून गेली होती. ते आता तिनंच परत नेलं.

माझं आजोळ कृष्णाकाठचं, पलूस तालुक्यातलं, भिलवडीच्या अलीकडं. इकडं पाण्यावाचून वस्तू घराबाहेर गेल्या, तिकडं पाण्यानं नेल्या. सांगलीकडची माणसं पावसाळ्यात एकमेकांना रामराम घालायच्या आधी विचारतात, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलाला 45 फूट म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोराला पाठ. 2005 चा पूर आजोळच्या उंबऱ्याला लागून गेला होता. तोच खुणेचा धरून 2019 च्या ऑगस्टात मामा बसून राहिले, आणि पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं. होडी दारात आली तेव्हा मामीनं काय काढलं? देव्हाऱ्यातले टाक, पोरांचे दाखले, जमिनीचे कागद. आजोबांचा मर्फी रेडिओ पोटमाळ्यावर राहिला. 1963 ला सांगली आकाशवाणी सुरू झाली त्या वर्षी घेतलेला. त्याचं परवान्याचं पुस्तक, पोस्टात दरसाल पैसे भरून तिकिटं चिकटवलेलं, आजोबांनी सातबाऱ्याबरोबर ठेवलं होतं म्हणून ते मात्र वाचलं. आता घरात रेडिओ नाही आणि परवाना आहे.

पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे चिखल काढायला गेलो. लग्नाचा अल्बम उघडला तर पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झालेली. मामी एकेक पान सोडवायला बघत होती आणि माणसांचे चेहरे तिच्या बोटांना लागून येत होते. मी तो अल्बम तिच्या हातातून काढून घेतला. त्याच खोलीत पितळेचा बंब आडवा पडला होता. चिंच आणि राख लावून घासला. आतला गाळ निघाला, आणि वर आजीच्या भावाचं नाव, गाव, शके, मिती, सगळं पहिल्यापेक्षा ठळक.

वाकळीवरून मात्र वाटणीत खरंच वाजलं. आक्काची वाकळ म्हणजे तिच्या सासूची दोन लुगडी, आण्णांचं एक धोतर, आमच्या बारशातल्या झबल्यांचे तुकडे, आणि वर आत्तीच्या इरकलीचा पदर. उन्हाळ्यात माळवदावर चार बायका चार कडांना बसून धावदोरा घालायच्या. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडं द्यायला यायची, पण आमच्या घरातनं तिला कधी लुगडं मिळालं नाही. नऊवारी लुगडं फाटलं तरी त्याची वाकळ व्हायची. ही वाकळ धुवायला ओढ्यावर दोन माणसं लागायची, पाण्यानं इतकी जड. थंडीत आम्ही सहाजण तिच्याखाली मावायचो, आणि कडेचा कोण यावरून रोज भांडण. ती कुणाला द्यायची? कुणी म्हणालं, कापून सहा तुकडे करू. ते ऐकून आत्तीची लेक उठून बाहेर गेली. शेवटी वाकळ दादाच्या बायकोनं, वैनीनं नेली. तिचा वाटणीत हक्क नव्हता. पण आक्काच्या शेवटच्या दोन वर्षांत ती वाकळ धुतली होती वैनीनं, रोज. त्यावर कुणी काही बोललं नाही.

माळ सगळ्यात शेवटी काढली.

बापू जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं दुकान त्यांचा धाकटा सांभाळतो, तोही तामिळ घरच्यासारखं बोलतो. तो येताना काटा आणि कसोटीचा दगड घेऊन आला होता. सोळा पुतळ्या सहा जणांत वाटायच्या तर वजन आणि कस दोन्ही बघायला हवं. घरात पहिल्यांदाच ती माळ गलाईवाल्याच्या हातात गेली. त्यानं रेशीम कापलं नाही, ओवलेल्या पुतळ्यांचीच कड एकेक करून दगडावर ओढली, वर तेजाबाचा थेंब सोडला. पिवळ्या रेघा जशाच्या तशा राहत गेल्या. आम्ही चहा पीत होतो. अकराव्या पुतळीला तो थांबला. पुन्हा ओढली, जोरानं. मग दगड खिडकीजवळ नेला.

"चांदी हाय," तो म्हणाला. "वर मुलामा."

कुणीच काही बोललं नाही. पाच मण्यांचा हिशेब आम्हाला पाठ होता, साल, कारण, सगळं. सहावी पुतळी आक्कानं कधीतरी मोडली होती, तिच्या जागी मणी घातला नव्हता आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. "म्हणून आप्पांच्या हातात देत नव्हती," धाकटा म्हणाला. बापूंना तो आप्पा म्हणायचा.

मग सगळे एकदम बोलायला लागले. दादा म्हणाला, मला टायफॉइड झाला होता तेव्हा मिरजेला महिनाभर ठेवलं, पैसे कुठनं आले कधी कळलंच नाही. आत्तीची लेक म्हणाली, भूकंपानंतर आईला घर बांधायला माहेरनं रोख आले होते, ते कुणाचे? मला माझ्या डीएडच्या प्रवेशाचा दिवस आठवला. तात्यांचा पगार तीन महिने झाला नव्हता आणि तरी फी भरली गेली. तात्यांना मी तेव्हा विचारलं होतं. ते म्हणाले होते, आक्काला विचार. मी विचारलं नाही. धाकट्याचं म्हणणं की आप्पांचं पहिलं दुकान बुडालं होतं आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं, आईला सोडून.

पंधरा पुतळ्यांचा हिशेब त्यानं दोन मिनिटांत केला. वजनावर वाटल्या, उरलंसुरलं पैशात. त्याला कुणाची हरकत नव्हती. चांदीच्या पुतळीवर मात्र सहाही जणांनी हात टाकला. दादानं वहीचा कागद फाडून सहा चिठ्ठ्या केल्या, आक्काच्या 'मामांकडून'च्या कळशीत टाकल्या आणि वैनीच्या नातवाला एक काढायला लावली.

ती धाकट्याला निघाली. त्यानं ती काट्यावर ठेवली नाही, कागदात गुंडाळून पाकिटात घातली. रेशीम आणि पाच काळे मणी राहिले होते, ते मी घेतले. बाहेर मोडवाला टेम्पोची फळी लावत होता. कळशी कुणाकडं जायची ते ठरायचं अजून राहिलंय.